अ‍ॅम्ब्युलन्सचं कंत्राट खासगी कंपनीला द्यायचं असेल तर घड्याळ कुणाकडे राहणार ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात धायरीत राहता, सोसायटीतल्या एका काकांना रात्री छातीत दुखायला लागलं, तीन नंबर फिरवले, कुठली गाडी नक्की येतेय ते कुणी सांगेना, शेवटी रिक्षातून नेलं. आता तुमच्या भागातल्या नागरिकांच्या मीटिंगमध्ये मागणी आलीये की महापालिकेनं एखाद्या खासगी कंपनीशी करार करून इमर्जन्सी अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला द्यावी. निम्मे लोक म्हणतात हे झालंच पाहिजे, निम्मे म्हणतात खासगी आलं की लूट आली. तुम्हाला क्षेत्रीय कार्यालयात निवेदन द्यायचंय आणि त्यात काय लिहावं ते विचारताय.

मी आधी कॅज्युअल्टीत मेडिकल ऑफिसर होते, मग अकरा वर्षं वेगवेगळ्या कंट्रोल रूममध्ये काढली आणि आता असे करार लिहायचं, तपासायचं काम करते. सविस्तर लिहितेय, कारण या विषयात वरवरचं उत्तर दिलं की लोक गाड्यांची संख्या मोजत बसतात.

पहिलं, खासगी की सरकारी हा वाद मीटिंगमध्ये फार वेळ घालवण्यासारखा नाहीये. आपली १०८ घ्या. महाराष्ट्रात ती २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे व्हेंटिलेटर, मॉनिटर वगैरे असलेल्या आणि ७०४ बेसिक. ती पहिल्या दिवसापासून कंत्राटावरच आहे, सुरुवातीची बरीच वर्षं चालवायला पुण्याचीच बीव्हीजी कंपनी होती, कंट्रोल रूम आपल्या औंधला. त्याआधी २००५ साली १५ ऑगस्टला आंध्रात १०८ सुरू झाली तीसुद्धा सरकारी खात्यानं चालवलेली नव्हती, सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या राजूंनी काढलेल्या ईएमआरआय या संस्थेची होती, सरकारशी करार करून. म्हणजे खासगी हातात ही सेवा देणं आपल्याकडे जुनं आहे. मी अशा सेवा उत्तम चाललेल्याही बघितल्यात आणि पेशंटचे हाल झालेलेही, आणि दोन्ही ठिकाणी फरक कंपनीच्या नावानं पडला नव्हता, करारात वेळ कशी मोजायची ते कुणी लिहिलं आणि मोजणारं घड्याळ कुणाच्या ताब्यात होतं यानं पडला होता.

हे नीट समजावून सांगते कारण सगळं इथेच आहे.

एक कॉल घ्या. फोन वाजतो. उचलला जातो. पत्ता विचारतात, पत्ता कळतो. मग गाडीला केस दिली जाते. पायलट म्हणजे ड्रायव्हर, आपल्याकडे त्यांना पायलटच म्हणतात, तो गाडी हलवतो. गाडी गेटवर पोचते. डॉक्टर किंवा टेक्निशियन पेशंटपाशी पोचतो. पेशंट घेऊन निघतात. हॉस्पिटलला पोचतात. पेशंट तिथल्या डॉक्टरच्या ताब्यात देतात आणि गाडी मोकळी होते. साधारण दहा क्षण झाले हे. प्रत्येक क्षणाची वेळ सिस्टिममध्ये पडते किंवा पडायला हवी. आता ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणजे यातल्या कुठून कुठपर्यंत? बहुतेक टेंडरमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की शहरी भागात अमुक मिनिटांत अ‍ॅम्ब्युलन्स पोचली पाहिजे. कधीपासून आणि कुठे पोचली पाहिजे हे लिहिलेलंच नसतं, आणि जे लिहिलेलं नाही ते कंपनी स्वतःच्या सोयीनं धरते, त्यात बेकायदेशीर काही नसतं.

दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात मी महिन्याचा रिपोर्ट तपासत होते. एक्सेलमध्ये हिरवे लाल कप्पे. एका केसचा कप्पा हिरवा, १२ मिनिटं, मर्यादेच्या आत. पेशंट एकोणीस वर्षांचा मुलगा, दम्याचा अटॅक. मला त्या केसचं ऑडिओ रेकॉर्डिंग वेगळ्या कारणासाठी ऐकायचं होतं म्हणून मी मूळ नोंदी काढल्या. फोन वाजला ०१:१२ ला. गाडीला केस दिली ०१:१९ ला, कारण जवळची गाडी दुसऱ्या केसवर होती आणि डिस्पॅचर म्हणजे कंट्रोल रूममधून गाडी पाठवणारा सात मिनिटं दुसरी गाडी शोधत होता. गाडी गेटवर ०१:३१. पेशंटपाशी ०१:३८, कारण गेटला कुलूप, वॉचमन झोपलेला, लिफ्ट बंद, पाचवा मजला. कंपनीनं ०१:१९ ते ०१:३१ धरलं, १२ मिनिटं. मुलाच्या आईनं ०१:१२ ते ०१:३८ काढली, २६ मिनिटं. रेकॉर्डिंगमध्ये ती मधे मधे एकच वाक्य म्हणत होती, त्याचे ओठ निळे पडलेत. मुलगा वाचला, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. रिपोर्टमध्ये त्या महिन्याला पेनल्टी शून्य. कंपनी खोटं बोलली नव्हती, करारच तसा लिहिला होता आणि लिहिणारे आमच्यातलेच लोक होते.

तेव्हापासून मी जिथे शब्द टाकता येईल तिथे हेच टाकते: घड्याळ फोन वाजल्यापासून सुरू आणि पेशंटला हात लागेपर्यंत चालू. कंपनीला गेटपासून वरपर्यंतच्या वेळेची पेनल्टी लावू नका, ती तिच्या हातात नाही, पण ती वेळ मोजा आणि वेगळी दाखवा.

मग सरासरी. सरासरी हा शब्द अ‍ॅम्ब्युलन्सच्या करारात येताच कामा नये असं माझं स्पष्ट मत आहे. समजा दहा कॉल आले, नऊ ठिकाणी गाडी ६ मिनिटांत पोचली आणि दहाव्या ठिकाणी ३६ मिनिटांनी. सरासरी ९ मिनिटं. ऐकायला छान. तो दहावा माणूस गेला तरी सरासरी छानच राहते. म्हणून बऱ्याच ठिकाणी टक्क्यांनी मोजतात, म्हणजे शंभरातल्या नव्वद कॉलना इतक्या मिनिटांच्या आत, आणि उरलेल्या दहांचं प्रत्येकाचं कारण लेखी द्यायचं. आणि पुण्यात हे भागवार मोजलंच पाहिजे. २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३ आली, धायरी, आंबेगाव, मांजरी, वाघोली, नऱ्हे असा मोठा पसारा झाला. शहराचा एकच आकडा घेतला तर पेठा, डेक्कन, शिवाजीनगर इथले पटापट होणारे कॉल वाघोली आणि मांजरीची उशिराची मिनिटं झाकून टाकतात, कारण कंपनी गाड्या तिथेच उभ्या करणार जिथे आकडा लवकर सुधारतो. झोन पाडा, प्रत्येक झोनला वेगळे नव्वद टक्के, आणि एका झोनमधल्या चांगल्या कामानं दुसऱ्या झोनची पेनल्टी माफ होणार नाही असं लिहून घ्या.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. कॅन्सल झालेले कॉल. तुमच्या काकांसारखे. गाडी येईना म्हणून घरच्यांनी रिक्षा केली, नंतर कंट्रोल रूमचा फोन आला तर म्हणाले आम्ही निघालो, केस कॅन्सल. बऱ्याच करारात कॅन्सल केस मोजणीतून वगळतात. म्हणजे जितका जास्त उशीर तितके जास्त लोक कंटाळून स्वतः निघणार, आणि तितक्या वाईट केसेस हिशोबातून आपोआप गायब. तसंच ‘गाडी उपलब्ध नाही’ असं सांगून फोन ठेवलेले कॉल. हे दोन्ही प्रकार उशिराचेच धरायचे, जोपर्यंत कंपनी रेकॉर्डिंग लावून दाखवत नाही की फोन करणाऱ्यानं वेळेच्या आत, दुसऱ्या कारणानं नको म्हटलं. हे एक वाक्य करारात घातलं की पुढचे सगळे आकडे खरे बोलायला लागतात, माझा अनुभव आहे.

आणि पोचल्याचं बटण. पायलटच्या हातातल्या डिव्हाइसवर ‘पोचलो’ दाबायचं असतं. पेनल्टीची तलवार डोक्यावर असली की सिग्नलला उभा असतानाच ते दाबलं जातं. पायलटला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या पगारातून कापतात म्हणून तो दाबतो. जीपीएस सांगेल गाडी पत्त्यापासून किती लांब होती, शंभर मीटरच्या आत नसेल तर बटण मान्य नाही, एवढं सॉफ्टवेअरला सांगता येतं. पण ते सॉफ्टवेअर कुणाचं? हाच माझा मूळ मुद्दा. कॉल घेणं, वेळा नोंदवणं, रेकॉर्डिंग ठेवणं ही सिस्टिम पालिकेच्या मालकीची हवी, कंपनीनं तिच्यात फक्त काम करायचं. ज्याला पेनल्टी बसणार त्याच्याच सर्व्हरवर वेळा असतील आणि तो महिन्याच्या शेवटी पीडीएफ पाठवणार असेल तर मग तपासणाऱ्यानं तपासायचं काय.

पैसे कसे द्यायचे यावर लोक फारसं बोलत नाहीत पण वागणूक तिथूनच ठरते. किलोमीटरवर पैसे दिले तर गाड्या लांबच्या शिफ्टिंगला पळतील, या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात, आणि तुमच्या गल्लीत गाडी नसेल. प्रत्येक ट्रिपवर दिले तर सोप्या केसेस भराभर. नुसता महिन्याचा ठोक दिला तर गाडी बेसवर उभी राहिली तरी बिल निघतं. माझ्या मते पैसे तयारीच्या तासांना द्यावेत, म्हणजे पूर्ण स्टाफ, पूर्ण सामान, डिव्हाइस चालू आणि केस घ्यायला तयार अशी गाडी जितके तास उभी होती तितक्या तासांचे, आणि वर वेळेची पेनल्टी. गाडी गॅरेजमध्ये असेल, डॉक्टर आला नसेल, ऑक्सिजन संपला असेल तर तो तास बिलात नाही. साधं आहे, पण मोजायला कष्ट आहेत म्हणून ऑफिसं टाळतात.

पेनल्टी किती हेही बघा. समजा एक जादा गाडी चोवीस तास चालवायला महिन्याला अडीच लाख लागतात आणि उशिराच्या कॉलला पेनल्टी ५०० रुपये. मग महिन्याला ५०० कॉल उशिरा झाले तरच जादा गाडी घेणं कंपनीला परवडतं, त्याच्या आत पेनल्टी भरणं स्वस्त. कंपनीचा अकाउंटंट हे गणित पहिल्या दिवशी करतो, आपण टेंडर काढणाऱ्यांनी ते आधी करायला हवं. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, पद्धत लक्षात घ्या.

गाड्या किती लागतील याचं एक जाडजूड माप आहे, लाख लोकसंख्येला एक बेसिक आणि पाच लाखाला एक अ‍ॅडव्हान्स्ड. ९३७ गाड्या २०११ च्या जनगणनेच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येला भागा, साधारण १ लाख २० हजाराला एक येते. पण लोकसंख्येचं माप शहरात अपुरं पडतं कारण गाडी रिकामी कधी होते यावर सगळं आहे. समजा शहरात दिवसाला २०० केसेस होतात आणि प्रत्येक केसला गाडी कॅज्युअल्टीच्या दारात अर्धा तास जादा अडकते, तर दिवसाचे १०० तास गेले, म्हणजे चारपेक्षा जास्त गाड्या चोवीस तास नुसत्या दारात उभ्या. हे मी स्वतः आतल्या बाजूनं बघितलंय. बेड नाही, ट्रॉली नाही, म्हणून पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर ठेवायचा आणि स्ट्रेचरशिवाय गाडी निघू शकत नाही. पायलट बाहेर थांबून चहा पितोय असं लोकांना दिसतं, त्याचं स्ट्रेचर आत अडकलेलं असतं. यावर उपाय कंपनीकडे नाही, पालिकेनं आणि हॉस्पिटलांनी मिळून करायचा असतो: प्रत्येक मोठ्या कॅज्युअल्टीत चार-पाच जादा स्ट्रेचर अदलाबदलीला ठेवा आणि हँडओव्हर वीस मिनिटांत करायचा नियम करा. खर्च एका गाडीपेक्षा कमी. नवीन गाड्यांच्या उद्घाटनाला सगळे येतात, स्ट्रेचर घेऊन द्यायला कुणी पुढे येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

गाडीच्या आतलं आता. एआयएस-१२५ नावाचं मानक आहे, त्यात अ‍ॅम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे प्रकार आहेत. ए म्हणजे पहिली मदत घेऊन जाणारं वाहन, बी म्हणजे नुसती पेशंटची ने-आण, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, डी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. दिवा आणि सायरन सगळ्यांनाच असतो त्यामुळे रस्त्यावरून फरक कळत नाही. करारात सी आणि डी किती ते प्रकाराच्या नावानं लिहून घ्या, ‘सुसज्ज रुग्णवाहिका’ या शब्दाला काही अर्थ नाही.

आणि तपासणी कशी होते ते सांगते म्हणजे कळेल. सकाळी शिफ्ट बदलताना चेकलिस्ट भरतात. ऑक्सिजन: आहे, टिक. मी एकदा अशी टिक केलेली गाडी उघडायला लावली. आत बी टाइपचा छोटा सिलिंडर, साधारण १० लिटरचा. चावी लावून उघडला, दाबाचा काटा ५० वर. भरलेला असताना तो १५० च्या आसपास असतो. टेक्निशियन म्हणाला मॅडम अजून एक तृतीयांश आहे. बरोबर होतं त्याचं. पण हिशोब करा, १० लिटर गुणिले ५० म्हणजे ५०० लिटर ऑक्सिजन. मास्क लावून मिनिटाला १० लिटर सोडला तर ५० मिनिटं. संध्याकाळी वाघोलीहून ससूनला यायला पाऊण तास सहज जातो, त्याआधी पेशंटला घरातून खाली आणताना दहा मिनिटं लागलेली. म्हणजे हा सिलिंडर बंडगार्डनच्या आसपास संपणार. चेकलिस्टवर ‘आहे’ असं नको, काट्याचा आकडा लिहा आणि त्याचा फोटो सिस्टिममध्ये टाका, अमुक आकड्याच्या खाली असेल तर गाडी तयार धरायची नाही, तिचा तास बिलात नाही. सक्शन मशीन, म्हणजे घशातला कफ, रक्त ओढून काढणारं यंत्र, चालू करून दाखवा. डीफिब्रिलेटरच्या, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राच्या पॅडची एक्सपायरी वाचून दाखवा. न सांगता, रात्री दोन वाजता, महिन्यातून किमान काही गाड्या अशा उघडल्या पाहिजेत आणि तपासणारा माणूस कंपनीच्या गाडीतून आलेला नसावा.

माणसांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. टेंडर एल-वन म्हणजे सगळ्यात कमी बोलीवर दिलं की कंपनी बचत कुठे करणार? डिझेल कमी होत नाही, गाडीचा हप्ता कमी होत नाही, उरतात पगार. बारा बारा तासांच्या शिफ्ट, पगार दोन दोन महिने थकलेला, रजेवर गेला तर बदली माणूस नाही म्हणून तोच डबल ड्युटी. असा पायलट नवले पुलाच्या उतारावरून पहाटे चारला पेशंट घेऊन येतोय हे डोळ्यापुढे आणा. किमान पगार, शिफ्टचे तास, पगार ठरलेल्या तारखेला झाल्याचा बँकेचा पुरावा दिल्याशिवाय पुढचं बिल नाही, हे करारात असलंच पाहिजे. पालिका बिल थकवते म्हणून कंपनी पगार थकवते हेही तितकंच खरं आहे, त्यामुळे पालिकेनं किती दिवसांत बिल द्यायचं आणि नाही दिलं तर व्याज किती हेही लिहा. करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा, मी कंपन्यांच्या बाजूनंही हे भांडलेय.

फोन उचलणाऱ्यांचं ट्रेनिंग वेगळं मागा. हृदय बंद पडलं आणि कुणी छाती दाबायला घेतली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी उतरते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कुठलीही कंपनी चार मिनिटांत पोचणार नाही, मग ती चार मिनिटं घरचा माणूसच काढणार आणि त्याला फोनवरून कुणीतरी सांगायला हवं, की त्यांना खाली जमिनीवर झोपवा, छातीच्या मधोमध हाताचा तळवा ठेवा, जोरात दाबा, मी मोजते. मराठीत, हिंदीत, धीरानं. असं सांगणारा माणूस सगळ्यात स्वस्त अ‍ॅम्ब्युलन्स आहे आणि टेंडरमध्ये त्याचा उल्लेख मला क्वचित सापडतो.

पेशंट कुठे न्यायचा हे कुणी ठरवायचं, यावर निवेदनात एक परिच्छेद द्याच. कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल हॉस्पिटलकडून कमिशन घेण्याबद्दल, तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडीत बसलेल्या घाबरलेल्या मुलाला ‘ससूनला बेड नाही, मी सांगतो तिथे चला’ एवढं म्हटलं की तो कुठेही जातो. म्हणून हॉस्पिटल कंट्रोल रूम ठरवेल, लेखी प्रोटोकॉलनं, जवळचं आणि त्या आजाराची सोय असलेलं, घरच्यांनी दुसरं मागितलं तर तसं रेकॉर्डवर. आणि दर महिन्याला कुठल्या हॉस्पिटलला किती पेशंट गेले याची यादी जाहीर करायची. एखाद्या भागातले पेशंट जवळची चार सोडून एकाच लांबच्या हॉस्पिटलात जात असतील तर यादीत ते लगेच दिसतं. इमर्जन्सीत पेशंटकडून एक रुपया घ्यायचा नाही हे तर आहेच, १०८ मोफतच आहे. कोविडमध्ये खासगी गाड्यांनी पाच किलोमीटरला हजारो रुपये घेतले तेव्हा २०२० साली सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं होतं की रास्त दर ठरवा.

कंपनी मधेच गेली तर? ही भीती खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये ट्रान्सकेअर नावाची कंपनी होती, शहराच्या ९११ या इमर्जन्सी नंबरच्या सेवेतही तिच्या गाड्या धावायच्या. २०१६ च्या फेब्रुवारीत ती दिवाळखोरीत गेली आणि गाड्या जवळपास एका रात्रीत बंद, फायर डिपार्टमेंटला घाईघाईनं जागा भरून काढावी लागली. सॅन दिएगोनं २०२१ मध्ये फाल्क कंपनीला शहर दिलं, कबूल केलेले गाड्यांचे तास भरेनात, तेव्हा शहरानं २०२३ मध्ये रचनाच बदलली: गाड्या कुठे उभ्या करायच्या आणि बिलं कशी वसूल करायची हे फायर-रेस्क्यू खात्यानं स्वतःकडे घेतलं आणि कंपन्यांना फक्त गाड्या-माणसं पुरवायला ठेवलं. कॅन्सस सिटीत तर १९८० च्या आसपासच ही पद्धत बसवली होती, गाड्या आणि सामान सार्वजनिक संस्थेच्या मालकीचं, कंपनी फक्त चालवणार, म्हणजे कंपनी बदलली तरी गाड्या, नोंदी तिथेच. आपल्याकडेही हेच मागा. गाड्या पालिकेच्या नावावर, किंवा करार तुटला तर ठरलेल्या किमतीत पालिकेला मिळतील अशी अट, स्टाफला नव्या कंपनीत घ्यायची अट, आणि किमान काही महिने सेवा चालवता येईल इतकी बँक गॅरंटी.

आणि पुण्यासाठी खास एक गोष्ट. १०८ आधीच आहे, ११२ आहे, गरोदर बायकांसाठी आणि लहान बाळांसाठी १०२ आहे. पालिकेनं आणखी एक नवा नंबर काढला तर तुमच्या काकांसाठी तुम्ही तीनऐवजी चार नंबर फिरवाल. पालिकेच्या गाड्या १०८ च्या स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत आणि कॉल कुठेही आला तरी सगळ्यात जवळची गाडी गेली पाहिजे, मग ती कुणाच्याही पैशाची असो. राज्य सरकार आणि पालिका यांच्यात हा लेखी समझोता टेंडरच्या आधी व्हायला हवा, नंतर होत नाही.

निवेदनाला कायद्याचा आधार हवा असेल तर सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल जोडा. हकीम शेख नावाचा मजूर १९९२ मध्ये ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही म्हणून परत पाठवला. कोर्टानं सांगितलं की वेळेवर इमर्जन्सी उपचार न मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि निर्देशांमध्ये बेडची माहिती देणारी मध्यवर्ती व्यवस्था आणि सामान-माणसांसकट अ‍ॅम्ब्युलन्सची सोय हेही घातलं. पैसे नाहीत हे कारण चालणार नाही असंही त्यात आहे.

पत्रात फार मागण्या घालू नका, साहेब पहिलं पान वाचतात. घड्याळ फोन वाजल्यापासून, नव्वद टक्के, झोनवार, कॅन्सल केसेस धरून, सिस्टिम पालिकेची, आकडे दर महिन्याला वेबसाइटवर. एवढं पहिल्या पानावर, बाकी मागे जोडा. पुढे कधी करार झाला तर माहिती अधिकारात रिपोर्ट मागू नका, मूळ वेळांच्या नोंदी मागा, पेशंटचं नाव-पत्ता काढून.

आणि गेटपासून पेशंटपर्यंतची मिनिटं मात्र तुमच्या सोसायटीच्या हातात आहेत, त्याला करार लागत नाही. इमारतीचा नंबर रस्त्यावरून रात्री वाचता येईल इतका मोठा रंगवा. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं बसतं का ते एकदा मोजून बघा, बसत नसेल तर व्हीलचेअर घेऊन ठेवा. बूम बॅरिअरची चावी वॉचमनकडे असू दे. फोन करून झाला की एक जण टॉर्च घेऊन मेन रोडपर्यंत जाऊन उभा राहू दे, दुसरा लिफ्ट खाली धरून ठेवू दे.